संगणकाचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवितांना काय काय मागें राहतें, याचा अनुभव बहुतेक कुटुंबांस असतो. ट्रंका, भांडीं, गाद्या, देव्हारा हें सारें मोजून गाडींत चढविलेलें असतें. त्यांतलें सहसा कांहीं हरवत नाहीं. राहून जाते ती खुंटीला अडकविलेली किल्ली, शेजारीं वाचावयास दिलेलें पुस्तक, दूधवाल्याचा हिशेब, आणि अंधारांत न चांचपतां दिव्याचें बटण सांपडण्याची हाताची संवय. पहिल्या तीन गोष्टी परत जाऊन आणतां येतात. चौथी आणतां येत नाहीं. ती नव्या घरीं नव्यानें लावून घ्यावी लागते. जुन्या लॅपटॉपवरून नव्या लॅपटॉपवर जाणें हें अगदीं अशाच तऱ्हेचें काम आहे. फायली मोजून येतात, यंत्र नवें आणि वेगवान असतें, आणि तरीही चार दिवस मालकाला आपण परक्याच्या घरीं उतरलों आहों असें वाटत राहतें.

२०२५ सालीं हा प्रसंग पुष्कळ घरीं एकदमच आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. ज्यांनीं नांव नोंदविलें त्यांस सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळाव्या अशी सोय झाली. पण ती मुदतवाढच. पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघाली. ती जुन्या यंत्रावर चढवावी म्हटलें, तर तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. तो नसला, तर एरवीं धडधाकट असलेलें यंत्रही अपात्र ठरतें. ज्या लॅपटॉपनें मुलांच्या शाळा आणि बापाचे हिशेब संभाळले, तो चालत असतांनाच निवृत्त करावा लागला, याचें वाईट पुष्कळांस वाटलें. आणि तें अगदींच अस्थानीं होतें असें नाहीं.

समजा, सातारा जिल्ह्यांत एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांचें मूळ गांव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखालीं गेलें. शेतांचीं नांवें, वाड्यावस्त्या, जत्रेचे मानकरी, जात्यावरच्या ओव्या, कोणतें घर उठून कोठें गेलें त्याची हकीकत, हें सर्व ते सुमारें २००८ पासून टाइप करीत आले. म्हाताऱ्या माणसांस बोलतें करून त्यांचे आवाज त्यांनीं मुद्रित केले. त्यांतलीं बहुतेक माणसें आतां हयात नाहींत. ही सगळी पुंजी एका जुन्या लॅपटॉपवर आहे. त्याची बॅटरी गेली आहे, पंखा घरघरतो, दोन कळा उमटत नाहींत. पुण्याच्या भाच्यानें नवा लॅपटॉप आणून दिला आहे आणि तो रविवारपर्यंत राहणार आहे. आतां ह्या घरांतून त्या घरांत जावयाचें कसें?

संगणकांतलें सामान एका जातीचें नसतें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें लागतें. गुरुजींनीं लिहिलेलीं प्रकरणें, छायाचित्रें, मुद्रित आवाज ह्या त्यांच्या स्वतःच्या फायली. त्या उचलाव्या आणि दुसरीकडे ठेवाव्या, इतकें तें सोपें आहे. ज्या प्रोग्रॅमांत त्या लिहिल्या त्या प्रोग्रॅमांची गोष्ट निराळी. प्रोग्रॅम यंत्रावर बसविला कीं तो आपल्या एकाच फोल्डरांत गुपचूप राहत नाहीं. त्याचे कांहीं भाग प्रणालीच्या फोल्डरांत जातात, आणि त्याच्या नोंदी 'रजिस्ट्री' नांवाच्या मोठ्या वहींत होतात. नुसतें त्याचें फोल्डर उचलून नेलें तर त्या नोंदी मागें राहतात, आणि प्रोग्रॅम एक तर उघडत नाहीं किंवा अर्धवट चालतो. म्हणून विंडोजवर प्रोग्रॅम न्यावयाचा नसतो. त्याची मूळ प्रत मिळवून तो नव्यानें बसवावयाचा असतो. विकत घेतलेला असेल तर परवान्याचा क्रमांक, किंवा ज्या खात्यावर तो घेतला त्याचें नांव, जुनें यंत्र चालू आहे तोंवरच कागदावर उतरवून घ्यावें. कांहीं परवाने एका वेळीं एकाच यंत्रावर चालतात; तेथें जुन्यावरून तो परवाना आधीं सोडवावा लागतो. यंत्र बंद पडल्यावर हें करूं गेल्यास विक्रेत्याच्या विनवण्या करण्याची पाळी येते.

उरली ती मांडणी. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार, कळफलकाची रचना, ब्राउझरमध्यें जपलेल्या खुणा, घरच्या वायफायचा पासवर्ड, जोडलेला प्रिंटर, आणि लेखनाच्या प्रोग्रॅमला शिकविलेले शब्द. वर्डमध्यें एखाद्या शब्दाखालीं उमटलेली तांबडी रेघ 'हा शब्द बरोबर आहे' असें सांगून घालविली, कीं तो शब्द एका लहानशा फाईलींत जाऊन बसतो. दहा-पंधरा वर्षांत तिच्यांत आडनांवें, गांवें, धंद्यांतले शब्द यांचा चांगलाच संग्रह होतो. ही फाईल 'डॉक्युमेंट्स'मध्यें नसते. ती वापरणाऱ्याच्या फोल्डरांतल्या 'ॲपडेटा' नांवाच्या कप्प्यांत असते, आणि तो कप्पा एरवीं दृष्टीस पडत नाहीं. 'लपलेल्या वस्तु दाखवा' असें सांगितल्यावरच तो दिसतो. ब्राउझरच्या खुणाही त्याच अंधाऱ्या खोलींत असतात.

यावरून 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' आणि 'डाउनलोड्स' हीं चार फोल्डरें उचललीं कीं झालें, ही समजूत किती अपुरी आहे तें दिसेल. आउटलुक वापरणाऱ्यांचीं जुनीं पत्रें पुष्कळदां 'पीएसटी' जातीच्या एकाच भल्यामोठ्या फाईलींत असतात. हिशेबाचे प्रोग्रॅम आपली वही आपल्या स्वतंत्र फोल्डरांत ठेवतात. शिवाय आपल्याकडे 'डी ड्राईव्ह'वर निराळें सामान ठेवण्याची जुनी चाल आहे, तिच्यामुळें अर्धा संसार त्या दुसऱ्या खोलींत असतो. भाच्यानें घाईनें डेस्कटॉप तेवढा उचलला आणि आवाजांचें फोल्डर डी ड्राईव्हवर राहून गेलें, असें व्हावयास वेळ लागत नाहीं. याला चांगला उपाय म्हणजे, यंत्राच्या मालकानें आठवडाभर जें जें उघडलें तें तें कोठें आहे हें वहींत लिहून ठेवणें. ही यादी दुसऱ्यास करतां येत नाहीं. कितीही हुशार भाचा असला तरी मामाच्या संवयी त्याला ठाऊक नसतात.

पूर्वीं विंडोजबरोबरच 'विंडोज ईझी ट्रान्सफर' नांवाचें एक साधन येत असे. व्हिस्टा, सात आणि आठ या आवृत्त्यांत तें होतें. विंडोज १० मध्यें तें राहिलें नाहीं. पुढें कंपनीनें आपल्या ऑनलाइन खात्यामार्फत मांडणी नेण्याची सोय केली. ती वाईट नाहीं. परंतु त्या खात्याबरोबर फुकट मिळणारी साठवणीची जागा ५ जीबी, आणि आवाजांच्या व चित्रफितींच्या फायली तिच्यांत मावणें कठीण. ॲपलच्या मॅकवर 'मायग्रेशन असिस्टंट' हें साधन प्रोग्रॅम आणि मांडणीसुद्धां बऱ्याच अंशीं नेतें, तेव्हां मॅकवरून मॅकवर जाणाऱ्यानें प्रथम तीच वाट धरावी.

बाकीच्यांस बाहेरची हार्ड डिस्क सोयीची पडते. ह्या वाटेवर कांहीं खांचखळगे आहेत. जुना पेनड्राईव्ह बहुधा 'फॅट३२' या पद्धतीनें आंखलेला असतो, आणि तिच्यांत ४ जीबीहून मोठी अशी एकही फाईल मावत नाहीं. पेनड्राईव्ह ३२ जीबीचा असून सबंध रिकामा असला, तरी लग्नाची ६ जीबीची चित्रफीत तो नाकारतो, आणि माणूस उगाच पेनड्राईव्ह बिघडला म्हणून टाकून देतो. तो 'एक्सफॅट' पद्धतीनें पुन्हां आंखला कीं अडचण जाते. मात्र आंखतांना त्यावरचें असलेलें सर्व पुसलें जातें, हें आधीं ध्यानांत असावें. दुसरा खळगा नांवांचा. विंडोजमध्यें फाईलीचा पुरा पत्ता, म्हणजे ड्राईव्हच्या अक्षरापासून फाईलीच्या नांवापर्यंत, २६० अक्षरांत बसावा अशी जुनी मर्यादा आहे, आणि कित्येक प्रोग्रॅम ती अजून पाळतात. तींत काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताची खूणही एकेक अक्षर म्हणून मोजली जाते. 'कृष्णाकांठ' हा डोळ्यांस चार अक्षरांचा दिसणारा शब्द तेथें दहा भरतो. फोल्डरांत फोल्डर, त्यांत आणखी फोल्डर, आणि प्रत्येकाला हौसेनें दिलेलें लांबलचक मराठी नांव, असें असलें कीं कांहीं फायली मध्येंच अडतात. नांवें थोडीं आंखूड केलीं कीं त्या सुटतात.

वेळेचा अंदाजही आधींच केलेला बरा. यूएसबी २.० ची कागदावरची गति सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षांत तिच्या निम्मी मिळाली तरी समाधान मानावें. त्या हिशेबानें २०० जीबी सामान जावयास जवळजवळ दोन तास लागतात. यूएसबी ३.० ची कागदावरची गति याच्या दहापटीहून थोडी अधिक आहे, पण डिस्क, केबल आणि दोन्ही यंत्रें तितक्या योग्यतेचीं असतील तरच तिचा लाभ. शिवाय एक मोठी फाईल झपाट्यानें जाते आणि तितक्याच वजनाच्या दहा हजार लहान फायली रेंगाळतात. कारण प्रत्येकीची नोंद निराळी करावी लागते. एक पोतें उचलणें सोपें, त्यांतले दाणे एकेक मोजून नेणें अवघड, त्यांतलाच हा प्रकार.

घाईच्या माणसानें एक गोष्ट मात्र कधींही करूं नये. फायली 'कट' करून 'पेस्ट' करूं नयेत, 'कॉपी' कराव्या. मध्येंच वीज गेली, केबल हालली, जुन्या लॅपटॉपनें मान टाकली, तर कॉपी करणाऱ्याचा वेळ जातो. कट करणाऱ्याच्या फायली कोठें आहेत याचाच शोध लावीत बसावें लागतें. नकल झाल्यावर जुन्या आणि नव्या फोल्डरांचे गुणधर्म शेजारीं शेजारीं उघडावे. फायलींची संख्या आणि 'आकार' हे दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. त्याखालीं 'डिस्कवरील आकार' म्हणून जो दुसरा आंकडा असतो तो जुळला नाहीं तरी घाबरूं नये. तो डिस्क कशी आंखली आहे त्यावर अवलंबून असतो. मग कांहीं फायली उघडून पाहाव्या: सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, आणि जिच्यावांचून आपलें चालणार नाहीं ती. आवाजाची फाईल पहिलें मिनिटभर ऐकून बंद करूं नये, शेवटही ऐकावा.

येथें आणखी एका फसगतीचा उल्लेख केला पाहिजे. ज्यांचें डेस्कटॉप 'वनड्राईव्ह'सारख्या ऑनलाइन कोठाराशीं जोडलेलें असतें, त्यांना फाईल समोर दिसते, पण ती यंत्रावर असतेच असें नाहीं. नांवाशेजारीं लहानसें ढगाचें चित्र असेल तर ती फाईल दूरच्या कोठारांत आहे आणि येथें तिची केवळ पाटी आहे. इंटरनेट नसतांना अशा फायलींची नकल होत नाहीं. याच्याहून घातक दुसरी बाजू. नव्या यंत्रावर तेंच खातें उघडलें कीं दोन्ही यंत्रें एकाच कोठाराचीं दारें होतात. मग 'नव्यावर सगळें आलें' अशा समाधानानें कोणी जुन्यावरच्या फायली पुसूं लागला, तर त्या कोठारांतून जातात, आणि थोड्याच वेळांत नव्यावरूनही जातात. टाकलेलें सामान कोठाराच्या केराच्या टोपलींत कांहीं दिवस राहतें म्हणून पुष्कळांचा जीव भांड्यांत पडला आहे. पण त्यावर भिस्त ठेवूं नये. जुन्या यंत्रावर प्रथम त्या खात्यांतून बाहेर पडावें, आणि मगच पुसण्याचा विचार करावा.

शनिवारीं संध्याकाळीं हें सर्व आटोपलें असें धरूं.

"मामा, सगळ्या फायली आल्या," भाचा म्हणतो. "जुन्यावर जितक्या, तितक्याच नव्यावर. बाइट-न्-बाइट मोजला."

गुरुजी पहिलें प्रकरण उघडतात. पान रोमन अक्षरांनीं आणि विरामचिन्हांनीं भरलेलें आहे. त्यांत एकही इंग्रजी शब्द नाहीं.

"आल्या असतील रे," गुरुजी म्हणतात, "पण माझं गांव कुठं आहे ह्यांत?"

फाईल बिघडलेली नाहीं. ती जशी होती तशीच आली आहे, आणि अडचण नेमकी हीच आहे. जुन्या पद्धतींत एका फाँटमध्यें फार तर २५६ जागा असत, आणि त्यांतल्या पहिल्या अर्ध्या रोमन लिपि, आंकडे व चिन्हें यांनीं अडविलेल्या असत. देवनागरीचे सारे जोडाक्षर-आकार इतक्या जागांत बसेनात. तेव्हां फाँट करणाऱ्यांनीं एक युक्ति केली. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविले: कोठें अर्धें अक्षर, कोठें काना, कोठें वेलांटी. फाईलींत रोमन अक्षरेंच लिहिलीं जात. त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढविण्याचें काम फाँट करी. हिंदी मुलुखांत फार चाललेल्या 'कृतिदेव' फाँटचें उदाहरण घ्यावें. त्यांत 'राम' असें पडद्यावर दिसतें तेव्हां फाईलींत जे, के, ई हीं तीन रोमन अक्षरें असतात. महाराष्ट्रांत 'शिवाजी', 'किरण', 'श्रीलिपि', 'डीव्हीबी-टीटी सुरेख' असे कित्येक फाँट घरोघर आणि छापखान्यांतून चालले, आणि ज्याची त्याची मांडणी निराळी. फाँट बरोबर आला नाहीं कीं मुखवटा गळतो आणि खालचीं रोमन अक्षरें उघडीं पडतात. गुरुजींच्या पानावर तेंच झालें.

सर्वांची मिळून एक मांडणी असावी हा विचार मागाहून सुचला असें मात्र नाहीं. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' नांवाचें मानक १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं जगांतल्या लिप्यांना एका सूत्रांत ओवूं पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तिच्यांत देवनागरीला १२८ जागांची स्वतंत्र पेटी मिळाली. विंडोज २००० या आवृत्तींत 'मंगल' फाँटसह युनिकोड देवनागरी संगणकावर आली. पण छापखान्यांचा संसार पेजमेकरवर चालत असे. त्या प्रोग्रॅमची ७.० ही शेवटची आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि तिला युनिकोड देवनागरी कधींच जमली नाहीं. छापखान्याला जें चालतें तेंच टाइप करणारा टाइप करतो. म्हणून २००८ सालीं, युनिकोड हाताशीं असतांनाही, गुरुजींनीं आपलें लेखन जुन्या फाँटमध्यें केलें यांत त्यांची चूक शोधण्यांत अर्थ नाहीं.

तातडीचा उपाय सोपा आहे. फाँट ही सुद्धां एक फाईलच असते. ती वापरणाऱ्याच्या फोल्डरांत नसून विंडोजच्या स्वतःच्या 'फाँट्स' या फोल्डरांत असते, आणि म्हणूनच ती बहुतेक बिऱ्हाडांत मागें राहते. जुन्या यंत्रावरून ती उचलून नव्यावर बसविली कीं मजकूर पूर्ववत् दिसूं लागतो. विकत घेतलेल्या फाँट-संचाचा परवाना नव्या यंत्राला लागू आहे कीं नाहीं, एवढें पाहून घ्यावें. कांहीं संच तर यंत्राला बाहेरून लावावयाच्या कुलुपावरच चालत, आणि तें कुलूप लावण्याची जागाच हल्लींच्या लॅपटॉपला नसते. अशा वेळीं, आणि एरवीं सुद्धां, जुन्या यंत्रावरच प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफ करतांना अक्षरांचे आकार तिच्यांतच बांधून घेतां येतात. मग फाँट नसलेल्या यंत्रावरही पान जसेंच्या तसें दिसतें. हें काम जुनें यंत्र जिवंत असेपर्यंतच होण्यासारखें आहे. फायली नेण्याच्याही आधीं तें करावें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु दिसणें म्हणजे सर्व कांहीं नव्हे. जुन्या फाँटमधल्या मजकुरांत एखादें आडनांव शोधूं म्हटलें तर संगणकाला तें सांपडत नाहीं, कारण त्याच्या लेखीं तेथें मराठी नाहींच. मुंबईच्या नातवाला मोबाइलवर तो वाचतां येत नाहीं. म्हणून पुढची पायरी रूपांतराची: जुन्या मांडणीतून युनिकोडमध्यें. त्यासाठीं निरनिराळ्या फाँटांकरितां निरनिराळीं रूपांतर-साधनें आहेत. तीं काय करतात तें समजून घेतलें कीं तीं कोठें चुकतात तें कळतें.

जुना फाँट अक्षरें डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें सांठवितो. युनिकोड तीं उच्चाराच्या क्रमानें सांठवितें. 'दिवा' या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी द च्या आधीं दिसते. कृतिदेवांत ती आधींच लिहिली जाते. युनिकोडमध्यें आधीं द, मग वेलांटी. 'धर्म' शब्दांतला रफार म च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटांत तो म नंतर येतो; युनिकोडमध्यें र आधीं आणि म नंतर, जसा तो तोंडानें उच्चारला जातो तसा. रूपांतर करणाऱ्या साधनाला प्रत्येक शब्दांत अशी उचलाउचल करावी लागते. साध्या शब्दांत तें चुकत नाहीं. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले कीं गोंधळूं लागतें. मजकुरांत मध्येंच खरे इंग्रजी शब्द असले तर त्यांनाही मुखवट्याखालचें मराठी समजून तें त्यांचें भलतेंच देवनागरी करून टाकतें.

मराठीपुरती खास अडचण ऱ्य आणि ऱ्ह यांची. हिंदींत हा अर्ध्या र चा आकार लागत नाहीं, म्हणून हिंदी लेखन डोळ्यांपुढें ठेवून केलेलीं साधनें त्याचा सरळ रफार करतात. शाळेंत शिकविलेलें 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हें उदाहरण पुष्कळांस आठवेल. गुरूचें ताट स्वयंपाक्यापुढें जावयास एवढा फरक पुरे होतो. गुरुजींच्या मजकुरांत तर सह्याद्रीच्या दऱ्या पानोपानीं आहेत, आणि रूपांतरांत त्यांचा दर्या होतो. कोयनेच्या बाबतींत तें एका अर्थीं खोटें नव्हे, पण गुरुजींस तें लिहावयाचें नव्हतें. याखेरीज एक सूक्ष्म भेद असा कीं, युनिकोडमध्यें हा र दोन प्रकारांनीं लिहितां येतो: खालीं टिंब असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें जोडचिन्ह घालून. दिसावयास दोन्ही सारखे, शोधतांना निराळे. एका ग्रंथांत एकच प्रकार ठेवावा, नाहीं तर सूची करतांना अर्धे शब्द हातीं लागत नाहींत.

म्हणून रूपांतरित प्रत ताडून पाहिल्यावांचून खरी मानूं नये. पीडीएफ एका बाजूस, नवी प्रत दुसऱ्या बाजूस, आणि एकानें मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें पाहावें. मूळ फाईल कोणत्याही परिस्थितींत पुसूं नये. तिच्यावरच रूपांतर करून तीच जतन करणें ही पस्तावण्याची हमखास वाट आहे. रूपांतराला नेहमीं निराळें नांव आणि निराळें फोल्डर द्यावें.

नव्या यंत्रावर मराठी लिहिण्याची सोय करणें त्या मानानें सोपें. भाषेच्या मांडणीत मराठी जोडली कीं इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या सुधारणेपासून उच्चारानुसार लिहिण्याचा कळफलकही आला आहे. जुन्या फाँटवर ज्या क्रमानें बोटें चालत तो क्रम मात्र बदलतो. हीच ती अंधारांतल्या बटणाची संवय. साठी उलटलेल्या हातांस ती बसावयास चार आठवडे लागले तर त्यांत नवल नाहीं. तोंवर भाच्यानें "मामा, अगदीं सोपं आहे" असें म्हणणें टाळावें.

किल्ल्यांचा विचार येथवर राहिला. ब्राउझरनें लक्षांत ठेवलेले पासवर्ड मालकाच्या लक्षांत नसतात. जुन्यावरून ते बाहेर काढून जपून ठेवावे. बऱ्याच लॅपटॉपांची डिस्क 'बिटलॉकर' नांवाच्या कुलुपानें आपोआप बंद केलेली असते, आणि मालकास तें ठाऊकही नसतें. यंत्र नादुरुस्त होऊन डिस्क काढून दुसरीकडे जोडली कीं तेथें ४८ आंकड्यांची किल्ली मागितली जाते. ती नसेल तर कोणताही कारागीर कांहीं करूं शकत नाहीं. कुलूप त्याचसाठीं केलेलें असतें. यंत्र चालू आहे तोंच ती किल्ली शोधून कागदावर लिहावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवींत ठेवूं नये.

जुन्या यंत्राला निरोप देण्याची घाई नसावी. निदान महिनाभर तें जसेंच्या तसें ठेवावें, कारण राहून गेलेली वस्तु तिची गरज पडल्यावरच आठवते. मग तें दुसऱ्यास द्यावयाचें झाल्यास नुसत्या फायली पुसून भागत नाहीं. पुसलें म्हणजे अनुक्रमणिकेंतली ओळ खोडली जाते. पान तसेंच राहतें आणि साध्या साधनांनीं परत वाचतां येतें. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सबंध डिस्क एकदां नव्यानें लिहून काढली तर मागचें जातें. एसएसडी जातीच्या डिस्कवर तसें खात्रीनें सांगतां येत नाहीं, कारण कोणतें पान कोठें लिहावें हें ती स्वतः बदलत असते. तेथें तिच्यांतलीच पुसण्याची आज्ञा वापरावी, किंवा आधीं कुलूप घालून मग विंडोजच्या 'रिसेट'मधला सर्व साफ करण्याचा पर्याय घ्यावा. अगदींच निकामी यंत्र रद्दीवाल्यास न देतां ई-कचऱ्याचें पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्यावें. २०२२ चे त्याबद्दलचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत.

गुरुजींच्या लॅपटॉपवर ही वेळ यावयास अवकाश आहे. प्रकरणें सतरा. त्यांपैकीं चार रूपांतरित होऊन ताडून झालीं. पांचव्यांत जत्रेच्या मानकऱ्यांची यादी आहे, आणि तिच्यांत आडनांवें फार आहेत.